‘सिद्ध करा’ म्हटल्यावर नाना गप्प बसले

(पत्र संक्षिप्त केलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

मी ४१ वर्षांचा, अकाउंट्समध्ये नोकरी करतो. मुंबईच्या पूर्व उपनगरात आमची २४ बिऱ्हाडांची सोसायटी आहे, इमारत १९८४ ची. तीन वर्षांपासून मी सचिव आहे. मागच्या वर्षी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घेतलं. अहवालात इमारत ‘सी-१’ मध्ये आली, म्हणजे रिकामी करून पाडायची. स्टिल्टमधल्या (खालच्या पार्किंगच्या मोकळ्या जागेतल्या) तीन बीमच्या सळया उघड्या पडल्या आहेत, वरच्या मजल्यावर गळती आहे. पुनर्विकास हाच एकमेव मार्ग आहे हे उघड आहे. पण आमचे एक ज्येष्ठ सभासद ठाम विरोधात आहेत. वय ७६, सरकारी नोकरीतून ओव्हरसियर म्हणून निवृत्त, सगळे त्यांना नाना म्हणतात. ‘माझ्या मते इमारत अजून वीस वर्षं हलत नाही,’ हे त्यांचं पालुपद. त्यांनी पदरचे पैसे घालून दुसरा इंजिनीअर आणला. त्याने ‘सी-२बी’ दिलं, म्हणजे घरं रिकामी न करता दुरुस्ती. निम्मी सोसायटी त्यांच्यामागे आहे. गेल्या सर्वसाधारण सभेत माझा तोल गेला. मी म्हणालो, ‘नाना, तुम्ही मत सांगताय, मी वस्तुस्थिती सांगतोय. सिद्ध करा, नाहीतर गप्प बसा.’ ते खरोखरच गप्प बसले. तेव्हापासून बोलणं बंद आहे. ज्यांनी मला सायकल शिकवली ते आता जिन्यात भेटले की मान फिरवतात. मी खरं तेच बोललो ना? पुरावा मागणं हा उद्धटपणा कसा? सचिवपद सोडून द्यावं असं वाटतंय.

— एक सचिव

*

आधी एक काम सांगते, त्याचा तुमच्या वादाशी संबंध नाही. त्या तीन बीमखाली टेकू लागले आहेत का? नसतील तर या आठवड्यात दोन्हींपैकी कुठल्याही एका इंजिनीअरला बोलावून, तो सांगेल तिथे आणि तसे लावून घ्या. सळया उघड्या पडलेला बीम तसाच ठेवा असं दोघांपैकी एकही म्हणणार नाही. तोवर त्याखाली गाड्या लावणं आणि मुलांचं खेळणं बंद करा. सी-१ चा अहवाल महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला गेला का, तेही पत्रात नाही. गेला नसेल तर पाठवा, आणि त्याबरोबर नानांनी आणलेला अहवालही पाठवा. आपल्याला नको असलेला कागद खाली दडपून ठेवायचा नाही, हा सचिवाचा पहिला धर्म.

आता तुमचा प्रश्न. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. ज्या वाक्याची खातरजमा कोणीही खाली जाऊन, कागद उघडून करू शकेल, त्याखाली रेघ मारत गेले. इमारत १९८४ ची: रेघ. तीन बीमच्या सळया दिसतात: रेघ. अहवालात सी-१ लिहिलं आहे: रेघ. मग आलं, ‘पुनर्विकास हाच एकमेव मार्ग आहे हे उघड आहे.’ तिथे पेन्सिल थांबली. हे कोणाला उघड आहे? तुम्हाला आहे, नानांना नाही, आणि तुमच्याच म्हणण्याप्रमाणे निम्म्या सोसायटीलाही नाही. हे तुमचं मत आहे. कदाचित बरोबरही असेल, पण मतच आहे. ‘मी वस्तुस्थिती सांगतोय’ असं तुम्ही सभेत म्हणालात तेव्हा रेघ मारलेली आणि न मारलेली अशी दोन्ही वाक्यं एकाच दमात गेली असणार. नानांनी पहिली ऐकली, दुसरी पटली नाहीत, आणि ती नाकारताना पहिलीही नाकारली. वादात हे फार होतं. आपण आपल्या मताला आपल्याच वस्तुस्थितीच्या पाठीवर बसवून आत आणतो, आणि समोरचा दार लावतो तेव्हा दोघंही बाहेर राहतात.

म्हणून ‘सिद्ध करा’ हे तुमच्यावरही येतं. जो विधान करतो त्याने ते सिद्ध करायचं, हा साधा नियम आहे. कायद्यातही हाच आहे: आधी १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १०१ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम १०४ आहे. नाना म्हणाले, ‘तुमचा अहवाल मला पटत नाही’, तर त्यांनी काही सिद्ध करायचं नाही, पटवण्याची जबाबदारी तुमची. नाना म्हणाले, ‘इमारत वीस वर्षं हलत नाही’, तर मात्र वीस हा आकडा कुठून आला हे त्यांनी सांगायला हवं. आणि तुम्ही म्हणालात ‘एकमेव मार्ग’, तर दुरुस्तीचा मार्ग का बंद आहे ते तुम्ही दाखवायचं. त्या संध्याकाळी तुम्ही फक्त एकाच विधानाचा हिशोब मागितला.

आता त्या अहवालाकडे या. तुम्ही त्याला वस्तुस्थिती म्हणता, नाना म्हणत असतील ‘तेही एका इंजिनीअरचं मतच’. शब्दापुरते नाना बरोबर आहेत. त्याच अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये अशा माणसाच्या म्हणण्याला ‘तज्ज्ञाचं मत’ असंच म्हटलं आहे. त्याला कोर्टात उभं करून उलटतपासणी घेता येते, ती एवढ्यासाठीच. म्हणजे सगळी मतं सारख्याच वजनाची, असं मात्र नाही. मताचं वजन त्याच्याखाली काय ठेवलंय त्यावरून ठरतं. अहवालाच्या शेवटच्या पानावरचं सी-१ किंवा सी-२बी हे मत. मधल्या पानांवरचे आकडे ही मोजमापं. माझा अंदाज आहे, तुमच्या सोसायटीत २४ पैकी वीस जणांनी फक्त शेवटचं पान पाहिलं असेल. भांडण शेवटच्या पानाचं आहे आणि उत्तर मधल्या पानांवर आहे.

मधली पानं कशी वाचायची ते थोडक्यात सांगते, कारण तुम्ही हिशोबातले आहात, तुम्हाला जमेल. ‘रिबाउंड हॅमर’ म्हणजे काँक्रीटवर स्प्रिंगचा ठोका मारून तो किती उसळतो ते पाहणं. ही पृष्ठभागाची चाचणी. त्यावरून काढलेला ताकदीचा अंदाज २५ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो, असं भारतीय मानकातच लिहिलं होतं. नुसत्या हॅमरच्या आकड्यावर कोणी ‘पाडा’ किंवा ‘ठणठणीत’ म्हणत असेल तर दोघांनाही थांबवा. ‘अल्ट्रासॉनिक’ चाचणीत ध्वनिलहर काँक्रीटमधून किती वेगाने जाते ते मोजतात. वेग सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट उत्तम, आणि तो जितका कमी तितका संशय जास्त. ‘हाफ सेल’मध्ये सळईचा विद्युतदाब मोजतात. तो उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेला तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. प्रत्येक आकड्यापुढे जागा लिहिलेली असते: कुठला मजला, कुठला कॉलम. दोन अहवाल शेजारी ठेवा आणि जागा जुळवून पाहा. मला दाट शंका आहे की एकाने गळतीच्या बाजूचे कॉलम तपासलेत आणि दुसऱ्याने कोरड्या बाजूचे. तसं असेल तर दोघंही खरं लिहीत आहेत, फक्त इमारतीच्या दोन वेगळ्या बाजूंबद्दल.

नानांचा मुद्दाही हलका नाही, तो ‘जुन्या माणसाचा हट्ट’ म्हणून बाजूला टाकू नका. इमारतीचं वय हा तिच्या कमकुवतपणाचा पुरावा नसतो. महाडची तारिक गार्डन २४ ऑगस्ट २०२० ला पडली, १६ माणसं गेली, तेव्हा ती जेमतेम दशकभराची होती. दुसरीकडे शंभरी ओलांडलेल्या कितीतरी इमारती मुंबईत उभ्या आहेत. ‘चाळीस वर्षं झाली, आता पाडायलाच हवी’ असं कोणी सभेत बोललं असेल तर ते मोजमाप नव्हतं, एक समजूत होती. आणि ओव्हरसियर म्हणून आयुष्यभर काँक्रीट ओतताना पाहिलेल्या माणसाला ती लगेच खटकली असणार.

आमच्या सोसायटीत काही वर्षांपूर्वी अगदी हेच चाललं होतं. दोन वर्षं भांडण, दोन गट, गणपतीची वर्गणीसुद्धा वेगवेगळी. शेवटी एका रविवारी सकाळी तरुण इंजिनीअर मुलीने सगळ्यांना स्टिल्टमध्ये बोलावलं. तिच्या हातात छिन्नी, हातोडी आणि स्प्रेची छोटी बाटली. तिने सांगितलं, चांगल्या काँक्रीटमध्ये क्षार असतात, तेच आतल्या सळईला गंजापासून राखतात. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरत जातो आणि हे क्षार मरतात. मग सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट आतून फोडतो. बाटलीत फिनॉल्फ्थॅलिन होतं, शाळेच्या प्रयोगशाळेत असतं तेच. क्षार शिल्लक असतील तिथे ते गडद गुलाबी होतं, मेलेल्या जागी रंग येत नाही.

तिने कॉलमचा कोपरा फोडला, धूळ फुंकली, फवारा मारला. आतला भाग बघता बघता गुलाबी झाला, पण बाहेरून दीड इंच राखाडीच राहिला. कोणी बोलेना. मग विरोधी गटाचे आजोबा पुढे आले, चष्मा कपाळावरून खाली घेतला, कॉलमला नाक लागेल इतके वाकले आणि म्हणाले, ‘यात सळई कुठे आहे?’ तिने टेप लावली. सळई एका इंचावर होती, राखाडी भागात. आजोबा म्हणाले, ‘असं होय.’ आणि लगेच, ‘आता मागचा कॉलम फोड. तिथे ऊन असतं.’ तिने तोही फोडला. तिथे राखाडी पट्टा अर्ध्या इंचाचाच होता.

त्या दिवशी कोणी जिंकलं नाही. पण ‘माझ्या मते’ आणि ‘अहो, पण माझ्या मते’ हे दोन वर्षांचं दळण तिथे थांबलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, तसं झालं. दोन्ही गट एकाच कॉलमकडे पाहत होते, आणि तपासायची दुसरी जागा विरोधकाने निवडली होती. एकट्याने गोळा करून दुसऱ्याच्या तोंडावर फेकलेला पुरावा कितीही भक्कम असला तरी समोरच्याला तो दगडच वाटतो. तपासणीची जागा त्याने निवडली की निकाल त्याचाही होतो.

आपल्याकडे न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. दोघांनाही खरं काय ते हवं असतं तो वाद. ज्यात फक्त जिंकायचं असतं तो जल्प. आणि स्वतःचं काही न मांडता दुसऱ्याचं खोडत बसणं ती वितंडा. मराठीत ‘वितंडवाद’ शब्द राहिला, जल्प शब्द विसरला गेला, पण आपल्या बहुतेक सभा जल्पच असतात. तुमचं ‘सिद्ध करा, नाहीतर गप्प बसा’ यातला पहिला अर्धा वादातला आहे आणि दुसरा जल्पातला. पुरावा मागणं उद्धटपणाचं मुळीच नाही. पण खरंच मागायचा असेल तर मागितल्यावर वाट पाहावी लागते. तुम्ही पुरावा मागितला आणि त्याच वाक्यात दारही बंद केलंत.

मग आता काय? एक विशेष सभा बोलवा. नोटिशीत स्पष्ट लिहा की विषय एकच: इमारतीची आजची स्थिती. पुनर्विकास, बिल्डर, जागेचं वाढीव क्षेत्रफळ, भाडं यातलं काहीही त्या दिवशी निघणार नाही आणि मतदानही होणार नाही. दोन्ही इंजिनीअरांना एकत्र बसवा. त्यांना विचारा: किती ठिकाणी तपासलं, त्या जागा कोणी निवडल्या, आकडे काय आले आणि त्या आकड्यांवरून तुम्ही या वर्गापर्यंत कसे पोहोचलात. शेवटी एक प्रश्न जरूर विचारा: ‘काय दिसलं असतं तर तुम्ही उलटं लिहिलं असतं?’ ज्याला याचं उत्तर देता येतं त्याच्या मतावर भरवसा ठेवावा. ज्याला येत नाही त्याने निष्कर्ष आधी ठरवला होता, मग तो तुमच्या बाजूचा का असेना. तरीही दोघं अडून बसले तर मुंबईत सोय आहे. परस्परविरोधी अहवाल आले की ते महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातात, ‘टॅक’ म्हणतात ती. मग मान्य-अमान्य म्हणायला तुम्ही आणि नाना उरत नाही.

इतिवृत्त लिहिताना, सचिव म्हणून, क्रियापदं जपा. ‘इमारत धोकादायक आहे’ असं लिहू नका. ‘अमुक इंजिनीअरांच्या अमुक तारखेच्या अहवालात इमारत सी-१ वर्गात दाखवली आहे’ असं लिहा. ‘नानांनी विरोध केला’ याऐवजी ‘नानांनी दुरुस्तीचा पर्याय तपासावा असं सुचवलं’ लिहा, तसं ते बोलले असतील तर. हे वाचताना माणसाचा आवाज आपोआप खाली येतो, मी पाहिलं आहे.

इमारतीची स्थिती ठरली म्हणजे सगळं ठरलं, असंही समजू नका. ती उद्या सी-२बी ठरली तरी पुनर्विकास हवा असं बहुमताला वाटू शकतं. राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात ५१ टक्के सभासदांची संमती सांगितली आहे, आणि तिथे कोणालाच काही ‘सिद्ध’ करायचं नसतं. मोठं घर हवं, लिफ्ट हवी, या इच्छा आहेत, त्या नुसत्या मांडायच्या असतात. मात्र इच्छेला भविष्याचा मुलामा दिला की सावध व्हा. ‘बिल्डर तीन वर्षांत ताबा देईल’ हे ना तथ्य ना मत, तो अंदाज आहे, आणि अंदाज मागच्या वागण्यावरून तोलायचा. त्या बिल्डरचे आधीचे प्रकल्प महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर पाहा. पूर्णत्वाची पहिली तारीख काय होती, नंतर किती वेळा पुढे गेली, तिथे दिसतं. शिवाय त्याच्या एखाद्या पूर्ण झालेल्या इमारतीत जाऊन तिथल्या सचिवाबरोबर चहा प्या. नानांच्या वीस वर्षांच्या आकड्याला तुम्ही जो हिशोब मागता तोच तुमच्या तीन वर्षांना मागा.

सोसायटी नसलेल्या वाचकांनाही हे लागू पडतं. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन अशीच आहेत: मुलीला मराठी माध्यमात घालावं की इंग्रजी, सासऱ्यांनी मधुमेहाची गोळी सोडून काढा सुरू केला, भावाने शेत विकायचं ठरवलं. काढ्याच्या घरात पहिली गोष्ट साखर तपासणं आणि डॉक्टरांना सांगणं. तिथे मोजता येणारं मोजायचं आणि वाट पाहत बसायचं नाही. माध्यमाच्या घरात मोजण्यासारखं थोडं आहे आणि आई-बापाला काय प्रिय आहे ते जास्त, म्हणून तिथे आकड्यांनी एकमेकांना हाणू नका. शेताच्या घरात सातबारा आणि बाजारभाव एका संध्याकाळी कळतो. ‘आईने लावलेला आंबा आहे तिथे’ हे मात्र कुठल्याही उताऱ्यावर सापडत नाही, ते बहिणीच्या तोंडूनच ऐकावं लागतं.

आणि नानांचा आंबा काय आहे, ते तुमच्या पत्रात कुठेच नाही. चार वेळा शोधलं. त्यांनी स्वतःचे पैसे घालून दुसरा इंजिनीअर आणला, म्हणजे त्यांना काहीतरी फार हवं आहे. आमच्या त्या आजोबांनी गुलाबी-राखाडी पाहून इमारतीची अवस्था मान्य केली, तरी सही दिली नाही. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे गेल्यावर कळलं: आजींचे दोन्ही गुडघे गेलेले, त्यांचं घर तळमजल्याला, भाड्याच्या घरात तिसरा मजला मिळाला तर आजी तीन वर्षं खाली उतरणार नाहीत. आणि ताबा मिळेपर्यंत आपण असू का, हेही एकदाच, खालच्या आवाजात. सभेत हे कोण बोलणार? म्हणून ते सभेत काँक्रीटबद्दल बोलत होते. ते कळल्यावर करारात ज्येष्ठांसाठी लिफ्ट असलेल्या इमारतीत किंवा तळमजल्यावर पर्यायी घराची अट घातली गेली. नानांचं कारण हेच असेल असं नाही. पण विचारल्याशिवाय कळणार नाही.

राजीनामा आता देऊ नका. अर्ध्यावर सोडलेला वाद पुढच्या सचिवाच्या गळ्यात पडेल. स्थितीवरची सभा होऊ द्या, मग ठरवा.

त्याआधी नानांच्या घरी जा, एकटे, संध्याकाळी. ‘पुरावा मागितला याचं वाईट वाटत नाही, पण चारचौघांत गप्प बसा म्हणालो ते चुकलं,’ एवढंच म्हणा. ‘पण’ लावून पुढे काही जोडू नका. चहा झाला की दोन्ही अहवालांची मधली पानं टेबलावर पसरा, इमारतीचा कॉलम दाखवणारा नकाशा आणि पेन्सिल त्यांच्यापुढे ठेवा, आणि सांगा, ‘नाना, पुन्हा तपासायचं आहे. कुठे फोडायचं तिथे तुम्ही खुणा करून द्या.’